मुक्या साक्षीदारांची ओळख

इंदूरच्या सुदामा नगरात माझी धाकटी बहीण दिलेली आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी एकदा तिकडे फेरी होतेच. होळकरांमुळे इंदुरात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या रुजला. अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या या मोठ्या वसाहतीत फिरताना मधूनच कानावर मराठी पडतं आणि बरं वाटतं. काही वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी बहिणीबरोबर पूजासाहित्याच्या एका दुकानात गेलो होतो. कापूर, वाती घेता घेता काचेखाली एक डबी दिसली. आत शेंदूर, चार लवंगा आणि मधोमध, कोणी दोन हात जोडून नमस्कार करावा तशी काळपट, वाळकी वस्तू. दुकानदाराने मोठ्या आदराने सांगितलं, "हत्थाजोड़ी है साहब. जंगल की जड़ी है. तिजोरी में रखिए, बरकत रहेगी." बहीण म्हणाली, "दादा, चल, घरी सगळे खोळंबलेत." आम्ही निघालो.

ही हत्थाजोडी म्हणजे जंगलातल्या एका दुर्मिळ झाडाचं मूळ, असा समज उत्तरेत आणि मध्य भारतात सगळीकडे आहे. ज्या झुडपाचं नाव यासाठी घेतात ते आपल्याकडेही उगवतं. त्याच्या काळ्या, वाळलेल्या फळाला दोन आकडे असतात, म्हणून कोणी त्याला विंचू म्हणतात, कोणी वाघनखी. पण दुकानात मिळणाऱ्या हत्थाजोडीचा त्या झुडपाशी काही संबंध नाही. ते घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय असतं, कापून वाळवलेलं. सरडे, साप, घोरपडी यांच्या नरांना हे इंद्रिय जोडीने असतं, आणि वाळलं की ते जोडलेल्या हातांसारखं दिसतं. वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन या संस्थेने आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली हे जगापुढे मांडलं. ऑनलाइन बाजारात 'पवित्र मूळ' म्हणून विकले जाणारे नमुने त्यांनी तपासले. काही घोरपडीचे निघाले, तर काही चक्क प्लॅस्टिकचे, साच्यातून काढलेले! म्हणजे फसवणुकीतही फसवणूक.

घोरपड आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. तिचा अवयव बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. त्यातही या कायद्याचं ५७ वं कलम असं आहे की अशी वस्तू ताब्यात सापडली की ती बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडली त्याच्यावर येते. देवघरात शेंदराची डबी ठेवून रोज उदबत्ती ओवाळणाऱ्या एखाद्या सज्जन गृहस्थाला याची कल्पनाही नसते. ज्याला तो मूळ समजून पुजतो आहे, तो कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याचा पुरावा आहे.

आज लिहायचं आहे ते अशा पुराव्यांबद्दल. केस, हाड, कातडं, रक्ताचा डाग, पान, बी, लाकडाचा तुकडा. हे साक्षीदार फितूर होत नाहीत, त्यांना धमकावता येत नाही, पैसे चारता येत नाहीत. फक्त एक अडचण असते, ते मुके असतात. त्यांना ओळखणारा आणि त्यांचं म्हणणं कोर्टाला समजेल अशा भाषेत सांगणारा कोणीतरी लागतो. माझं म्हणणं असं की आपल्याकडे प्रयोगशाळा कमी पडतात यापेक्षा हा ओळखणारा माणूस कमी पडतो, आणि तो कमी पडतो ते अगदी सुरुवातीला, जागेवर.

प्रयोगशाळेचं काय घेऊन बसलात, तिथे आपण अजिबात मागे नाही. कातडं कमावलेलं असो, मांस शिजवलेलं असो की हाड जळकं असो, ते कोणत्या प्राण्याचं हे ठरवण्याची एक सर्वसाधारण पद्धत हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंग आणि डॉ. सुनीलकुमार वर्मा यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बसवली. पेशीतल्या सायटोक्रोम बी नावाच्या जनुकाचा एक छोटा तुकडा घ्यायचा. त्याची दोन टोकं बहुतेक प्राण्यांत सारखी असतात, म्हणून एकाच किल्लीने सगळी कुलुपं उघडतात. मधला भाग मात्र जातीजातीत वेगळा असतो. तो वाचायचा आणि माहीत असलेल्या नोंदींशी ताडून पाहायचा. मध्य प्रदेशात जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीव न्यायवैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे तर माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, कोणत्याही दोन वाघांचे सारखे नसतात. त्यामुळे जप्त केलेलं कातडं जंगलातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या जुन्या फोटोंशी जुळवून हा वाघ अमुक जंगलातला, असं सांगता येतं.

आता घोरपडीचा विषय निघालाच आहे तर आपल्या घराकडे वळू. घोरपड म्हटली की मराठी माणसाला सिंहगडाच्या गोष्टीतली यशवंती आठवते. (ती खरी की रचलेली, हा वाद इतिहासवाल्यांनी घालावा.) गोमंतकीयाला मात्र आठवतं घुमट. चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ आणि कासाळें यांचा नाद घुमला नाही तर आपल्याला गणपती घरात आल्यासारखा वाटत नाही. या घुमटाच्या तोंडावर पूर्वापार घोरपडीचं, कोकणीत म्हणतात त्या 'गारी'चं, कातडं मढवलं जात असे. कायद्याने ते बंद झालं, बकऱ्याचं कातडं आलं, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. जुने वादक अजून हळहळतात की तो आवाज गेला. मला ती हळहळ समजते. पण तो आवाज किती घोरपडींच्या जिवावर येत होता हाही हिशेब मांडायला हवा. गंमत पाहा, बकऱ्याचं कातडं कोणतं आणि घोरपडीचं कोणतं हे मुरलेला घुमटवाला बोट फिरवून, थाप मारून सांगतो. हैदराबादची प्रयोगशाळा तेच जनुक वाचून सांगते. कोर्टाला दुसरं लागतं हे खरं. पण कोणतं घुमट तपासायला पाठवायचं हे पहिल्यालाच कळतं.

वनस्पतींचंही तेच आहे. लहानपणी रानातून घरी आलो की आई परकराच्या नाहीतर चड्डीच्या काठाकडे बघून सांगायची, कोण कुठून फिरून आला ते. कुसळं चिकटली असतील तर डोंगरावर, आघाडा चिकटला असेल तर बांधावरून. आघाड्याची फळं कपड्याला उलटी धरून बसतात, झटकली तरी जात नाहीत. गणपतीच्या पत्रीत त्या आघाड्याला मानाचं पान आहे. आईला कोणी न्यायवैद्यक शिकवलं नव्हतं, पण तिची पद्धत तीच होती.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात १९९२ साली एका खुनाच्या तपासात हीच पद्धत कोर्टापर्यंत गेली. संशयिताच्या मालगाडीवजा मोटारीत पालोव्हर्डी नावाच्या झाडाच्या दोन शेंगा पडलेल्या मिळाल्या. प्रेत जिथे सापडलं तिथल्या एका पालोव्हर्डीला मोटार घासल्याची खूण होती. शेंगा त्याच झाडाच्या कशावरून? अ‍ॅरिझोना विद्यापीठातले अनुवंशशास्त्रज्ञ टिमथी हेलेंटजॅरिस यांनी त्या परिसरातली आणखी बरीच झाडं तपासली. प्रत्येकाची जनुकीय खूण वेगळी निघाली आणि शेंगा नेमक्या त्या झाडाशी जुळल्या. आरोपीला शिक्षा झाली. त्याआधी, १९३५ साली, लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणाच्या गाजलेल्या खटल्यात आर्थर कोहलर या लाकूडतज्ज्ञाने गुन्ह्यात वापरलेल्या शिडीची एक फळी आरोपीच्या घराच्या माळ्यावरच्या लाकडाशी रेषेला रेष जुळवून दाखवली होती. आपल्याकडचा जुना सुतारही 'हा फणस आमच्याच बागेतला' असं लाकूड बघून सांगतो. कोहलर यांनी ते मोजून, पुन्हा पुन्हा ताडून, ज्युरीपुढे मांडलं एवढाच फरक. पण फरक मोठा आहे.

आणि एक मांजर. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९४ साली एका स्त्रीचा खून झाला. रानात एक रक्ताळलेलं जाकीट मिळालं, त्यावर पांढरे केस. केस माणसाचे नव्हते. संशयिताच्या घरी स्नोबॉल नावाचं पांढरं मांजर होतं. स्टीफन ओब्रायन या मांजरांच्या अनुवंशशास्त्रज्ञाच्या चमूने केस आणि त्या मांजराचं रक्त जुळवलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेट छोटं, सगळी मांजरं एकमेकांची भावंडं असली तर? म्हणून त्यांनी बेटावरच्या इतर मांजरांचंही रक्त तपासलं, ती पुरेशी वेगवेगळी आहेत हे दाखवलं आणि मगच साक्ष दिली. १९९६ साली शिक्षा झाली. प्राण्याच्या डीएनएवर उभा राहिलेला हा पहिला खटला मानतात.

मग आपलं गाडं अडतं कुठे? दोन प्रकरणं आपल्या सत्तरीतली बघू.

२००९ साली केरीत वाघ मारला गेला. गोव्यात वाघ राहत नाहीत, कधीमधी पाहुणा म्हणून येतात, असं म्हणण्याची तेव्हा पद्धत होती. आपले राजेंद्र केरकर यांनी मारलेल्या वाघाचा मोबाइलवर काढलेला फोटो उजेडात आणला नसता तर ते प्रकरण रानातच जिरलं असतं. फोटोवर शंका घेतली गेली. पुढे शोध घेऊन जागेवर अवशेष मिळवले गेले, ते तपासले गेले आणि वाघाचेच निघाले. इथे लक्षात घ्या, प्रयोगशाळा होती, कायदाही होता. पण त्या दोहोंना हलवलं ते गावातल्या एका लेखकाने, ज्याला रान माहीत होतं, लोक माहीत होते, आणि ज्याच्याकडे लोक येऊन बोलत होते.

दुसरं प्रकरण गोळावलीचं. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले मिळाले. सगळे एकदम नव्हे, एकामागून एक. गुरांवर पडलेल्या वाघिणीचा सूड म्हणून मेलेल्या जनावरात विष घातलं गेलं, असं तपासात पुढे आलं. एकाची नखंही काढलेली होती. गुरं राखणाऱ्या एका गरीब कुटुंबातले लोक पकडले गेले. गुरांची भरपाई वेळेवर मिळत नाही ही ओरडही त्याच वेळी झाली. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून तीन महिन्यांत जाहीर करा असा आदेश दिला आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पण मला विचारायचं आहे ते त्या आधीचं. वाघीण गुरांवर पडली त्या दिवशी मेलेल्या जनावराजवळ पंजे होते, केस होते, दातांच्या खुणा होत्या. तोही पुरावाच होता, गुन्ह्याचा नव्हे, गरजेचा. त्या दिवशी कोणी जाऊन तो नोंदवला असता, भरपाई हातात ठेवली असती, तर पुढचा पंचनामा चार वाघांचा झाला असता का?

सुरुवातीची नोंद चुकली की काय होतं, याची उदाहरणं मोठमोठी आहेत. १९९८ च्या जोधपूरजवळच्या काळवीट प्रकरणात पहिल्या शवविच्छेदनात बंदुकीचा मागमूस नव्हता. पुरलेले अवशेष उकरून वैद्यकीय मंडळाने पुन्हा तपासले तेव्हा चित्र बदललं. सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा झाली ती २०१८ साली, वीस वर्षांनी, आणि पुढे अपील. माणसांच्या बाबतीत तर विचारूच नका. २००८ साली हणजूणच्या किनाऱ्यावर एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचं प्रेत मिळालं. आधी बुडून मेली असं ठरलं. आईने हट्ट धरला, दुसरं शवविच्छेदन झालं, तेव्हा अंगावरच्या जखमा बोलायला लागल्या. २०१६ साली दोन्ही आरोपी सुटले, २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षं! खरं तर माणूस जिवंतपणी बुडाला की मेल्यावर पाण्यात टाकला हे सांगू शकणारा साक्षीदार त्याच पाण्यात असतो. डायटम नावाचं डोळ्यांना न दिसणारं, काचेसारख्या कवचाचं शेवाळ. बुडताना श्वासाबरोबर ते फुप्फुसात जातं आणि हृदय चालू असेल तर रक्ताबरोबर हाडांच्या मगजापर्यंत पोचतं. पण त्यासाठी नमुना स्वच्छ हत्यारांनी घ्यावा लागतो आणि ताडून पाहायला त्या जागेचं पाणीही बाटलीत भरून ठेवावं लागतं. पाण्याची बाटली भरायला कोणती मोठी विद्या लागते?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुका साक्षीदार खोटं बोलत नाही, पण त्याचा दुभाष्या बोलू शकतो. म्हणून आपली न्यायालयं सावध असतात, आणि ते योग्यच आहे. रेल्वेगाडी रुळावरून घसरवल्याच्या आरोपावरून चाललेल्या दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जुन्या खटल्यात पोलिसी कुत्र्याने काढलेल्या मागाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाने तेव्हा नोंदवलेले आक्षेप आजही वाचण्यासारखे आहेत. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्याचा सांभाळ करणारा सांगतो ती ऐकीव गोष्ट. माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या तर्कावर टांगता येणार नाही. आणि अशा पुराव्याचा प्रभाव त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त पडतो. हा तिसरा मुद्दा मला केसालाही लागू वाटतो आणि पानालाही. कपड्यावर वाघाचा केस मिळाला म्हणजे त्या माणसाने वाघ मारला असं होत नाही. आघाडा चिकटला म्हणजे तो बांधावरून गेला एवढंच. कधी गेला, का गेला, हे आघाडा सांगत नाही.

शिवाय या खुणा बोट दाखवतात ते बहुतेक वेळा शेवटच्या गरीब हाताकडे. फास लावणारा सापडतो, विष घालणारा सापडतो, घोरपड धरणारा सापडतो. त्याच्या विळ्यावर रक्त असतं, झोपडीत कातडं असतं. ज्याच्या दुकानात शेंदरात घालून ती विकली जाते आणि ज्याच्या तिजोरीत ती बरकत आणते, त्याच्या हाताला रक्ताचा वास येत नाही. खरं तर दुकानातली ती डबी हाही तितकाच भक्कम पुरावा आहे. तिथून मागे मागे जात व्यापाऱ्यापर्यंत पोचता येतं. पण तिकडे जायला कोणाला सवड असते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, एक चांगली तरतूद आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. गोव्यात वेर्ण्याला आपली प्रयोगशाळा आहे, अंतरं छोटी आहेत, आपण हे करू शकतो. पण ही तरतूद पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यासाठी आहे. रानातला गुन्हा पहिल्यांदा बघतो तो वनरक्षक. त्याच्या पिशवीत कागदी पाकिटं, हातमोजे आणि चिमटा आहे का? ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की कुजतो, तो सावलीत वाळवून कागदात ठेवायचा, वर सही, तारीख आणि वेळ घालायची, हे त्याला कोणी करून दाखवलं आहे का? खटले सुटतात ते या पाकिटांवरून. नमुना कोणी कोणाच्या हातात दिला याची साखळी एके ठिकाणी तुटली की आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि त्याने ठेवायलाच हवं.

आणि पंच कोण घ्यायचे? आपल्याकडे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही पकडून पंच करतात. तो बिचारा न वाचता सही करतो आणि कोर्टात 'मला काही आठवत नाही' म्हणतो. रानातल्या पंचनाम्याला रान ओळखणारा माणूस घ्यायला काय हरकत आहे? कला आणि संस्कृती खातं दर चवथीला माटोळीची स्पर्धा घेतं. रानातली फळं, फुलं, मुळं, वेली लोक शोधून आणून बांधतात आणि परीक्षकांना एकेकाचं नाव सांगतात. आपण त्यांना बक्षीस देतो, टाळ्या वाजवतो आणि ते सगळं संस्कृतीच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. ही माणसं म्हणजे आपल्या राज्याचं चालतंबोलतं वनस्पतिसंग्रहालय आहे. त्यांचं ज्ञान कोर्टात तज्ज्ञाची साक्ष म्हणून उभं राहणार नाही, मान्य. पण कोणतं पान उचलायचं, कोणती बी इथली नाही, कोणत्या वाटेवर हे गवत उगवतं, हे तेच सांगू शकतात. पुढचं काम मग प्रयोगशाळेचं.

माटोळीला बांधलेल्या प्रत्येक फळाचं नाव, ते कोणत्या डोंगरावर कोणत्या महिन्यात मिळतं ते सांगणारी म्हातारी माणसं सत्तरीत आणि सांग्यात अजून आहेत. त्यांना विचारायला गेलेला तपास अधिकारी मात्र मला अजून बघायचा आहे.